शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे : शाळेसाठी मोठा ब्लूटूथ स्पीकर घेताना

२६ जानेवारी २०२५, रविवार. आमच्या शाळेच्या मैदानावर तिसरीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. तीन आठवडे तिनं पाठांतर केलं होतं. घरी गोठ्यात म्हशीपुढे उभी राहून म्हणायची, असं तिची आजी सांगते. तिनं माईक हातात घेतला आणि आमच्या जुन्या स्पीकरच्या पेटीतून आधी शिट्टी आली, मग खरखर, मग मध्येच सगळं गप्प. मुलगी थांबली नाही, भाषण पूर्ण केलं. कार्यक्रम संपल्यावर मागे लिंबाखाली बसलेली तिची आजी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, पोरगी काय बोलली वो?"

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवी पेटी घ्यायची हे तिथंच ठरलं. पण ते घेईपर्यंत जुलै उजाडला. मला आवाजातलं काही कळत नव्हतं, पैसे लोकांचे होते आणि कागदपत्रांत चूक झाली असती तर ती आमच्या सरांच्या अंगावर आली असती. दुसऱ्या एखाद्या शाळेतल्या बाईंना किंवा भजनी मंडळाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

आमची शाळा पाटण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. पहिली ते पाचवी, ६८ मुलं, तीन शिक्षक. जुनी पेटी दुरुस्तीला कराडला नेली, तर आतलं कार्डच गेलंय, बदलण्यात अर्थ नाही असं मेकॅनिकनं सांगितलं. तो विषय तिथंच संपला.

८ फेब्रुवारीला, शनिवारी शाळा सुटल्यावर, शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. आमचे सर प्रभारी मुख्याध्यापक, म्हणजे समितीचे सचिव. त्यांनी विषय मांडला. आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये मिळतं. वीजबिल, स्वच्छता, खडू, डागडुजी यांतच ते संपतं. म्हणून लोकसहभागातून रक्कम उभी करायची आणि तीन दरपत्रकं मागवून खरेदी करायची, असा ठराव झाला. ठराव लिहिताना सरांनी एक गोष्ट केली, ती इथं मुद्दाम सांगते. त्यांनी 'स्पीकर' असं न लिहिता 'माईक, स्टँड व केबलसह ध्वनिक्षेपक संच' असं लिहिलं. नुसतं स्पीकर लिहिलं असतं तर दीड हजाराच्या माईकसाठी पुन्हा सभा घ्यावी लागली असती.

पैसे जमायला एप्रिल लागला. आमच्या भागातली निम्मी माणसं मुंबईला, नवी मुंबईच्या बाजारात माथाडीत. ती गावात येतात ती यात्रेला. अध्यक्षांनी, म्हणजे तात्यांनी, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर सगळ्यांना बसवून विषय काढला. कुणी १०१ दिले, कुणी १,००१. एकूण २२,३०० रुपये झाले. प्रत्येकाला पावती दिली आणि रक्कम दुसऱ्याच दिवशी समितीच्या खात्यात भरली. ते खातं अध्यक्ष आणि सचिव यांच्या जोडसहीनं चालतं. वर्गणीतली एक नोट एका आजोबांनी कमरेच्या चंचीतून काढून दिली होती. पुढे दुकानात उभी असताना प्रत्येक वेळी मला ती चंची आठवायची.

मे महिन्यात अभ्यासाला लागले. माझा एक जुना विद्यार्थी आता मंडप आणि साऊंडचा धंदा करतो. त्याला घरी बोलावलं, चहा केला आणि वहीच उघडून बसले.

त्याचं पहिलंच वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय : "बाई, खोक्यावरचा आकडा वाचू नका, मागची पट्टी वाचा." खोक्यावर २,००० वॅट, ५,००० वॅट असं लिहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा पीएमपीओ असतं, म्हणजे क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा. आपण बघायचा तो आरएमएस, म्हणजे पेटी सलग किती ताकदीनं वाजू शकते तो. आरएमएस लिहिलेलाच नसेल तर चार्जर उलटा करून बघायचा. १५ व्होल्ट, ३ अँपिअर असं असेल तर १५ गुणिले ३, म्हणजे ४५ वॅट. "पंचेचाळीस वॅट आत जाणार आणि दोन हजार बाहेर येणार, असं कसं हुईल? बॅटरी क्षणभर जादा देती, पण क्षणभरच." गुणाकार मीच शिकवला होता त्याला चौथीत. मला फार बरं वाटलं.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला पटायला वेळ लागला. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो (डेसिबल हे आवाज मोजायचं माप). कानाला 'दुप्पट मोठा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५० वॅटची पेटी आणि १०० वॅटची पेटी यांत आपल्याला वाटतो तेवढा फरक नसतो. उलट अंतरानं फार फरक पडतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले आणि टेप लावून मोजलं. टेबलापासून लिंबाच्या झाडापर्यंत २४ मीटर. त्याच्या हिशेबानं एका मीटरवर १०० डेसिबल असतील तर तिथं साधारण ७२ पोचतात. आमच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यावरून वाऱ्याची कल्पना येईल. मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर नुसता वारा आणि लांबची कुजबुज ५२ ते ५६ दाखवत होती. बोलणं नीट कळायला ते मागच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलनं तरी वर असावं लागतं. म्हणजे झाडापाशी मला ७० हवे होते. मोबाईलचं ॲप काही प्रमाणित यंत्र नव्हे, त्याचे आकडे कुठं लिहून द्यायचे नसतात. पण एकाच फोननं, एकाच जागी दोन पेट्यांची तुलना करायला ते पुरतं. फोनच्या माईकवर बोट येऊ देऊ नका, एवढंच.

या मोजणीनंतर माझं काम पुष्कळ सोपं झालं. 'चांगला स्पीकर कुठला' हा प्रश्न मी सोडून दिला. 'लिंबाखाली बसलेल्या म्हातारीला पोराचं बोलणं कळेल असा कुठला' एवढाच प्रश्न उरला.

२४ मेला, शनिवारी, धाकट्या बहिणीला घेऊन कराडच्या दुकानांत गेले. यंदा पाऊस मेमध्येच आला होता, सगळीकडे चिखल. पहिल्या दुकानात गेल्या गेल्या त्यांनी काच ओढून घेतली आणि नाचाचं एक गाणं लावलं. माझ्या छातीत धडधडलं. १५ इंची स्पीकर, पुढे रंगीत दिवे, १२,५०० रुपये. खरं सांगते, तिथंच घ्यावा असं वाटलं. पण विद्यार्थ्यानं बजावलं होतं की छोट्या बंद खोलीत भिंती आणि कोपरे मिळून बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, वाढवतात, तिथं कुठलीही पेटी दांडगी वाटते. मी दुकानदारांना म्हटलं, बाहेर पडवीत आणून वाजवाल का? पहिल्यांदा ते नको म्हणाले. मी शाळेचं पत्र दाखवलं, तेव्हा पोराला हाक मारून बाहेर काढला. बाहेर येताच तीच पेटी अर्धी झाली.

चाचणीसाठी मी घरूनच चार गोष्टी फोनमध्ये भरून नेल्या होत्या : मुलांच्या परिपाठाचं रेकॉर्डिंग, हलगी आणि लेझीम, टाळ-मृदंगावरचा एक अभंग, आणि माझ्याच आवाजातला धडा. दुकानदाराचं गाणं हे त्याच्या पेटीला शोभणारं गाणं असतं, म्हणून आपलं आपण न्यावं. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली गाणी मात्र नेऊ नका, त्यांचा आवाज आधीच घासलेला असतो. मग दोष पेटीचा की गाण्याचा ते कळत नाही.

सगळ्यात कामाची ठरली ती मात्र एक साधी चाचणी. बहीण पडवीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून, वही-पेन घेऊन उभी राहिली. मी माईकवर दहा सुटे शब्द वाचले : ससा, शाळा, टाळ, ठसा, फळा, पळा, खत, छत, दही, तही. वाक्य वाचलं तर माणूस संदर्भानं ओळखतो, म्हणून सुटे शब्द, आणि 'तही'सारखा निरर्थकसुद्धा. दिव्यांच्या पेटीवर तिनं पाच बरोबर लिहिले. 'फळा' आणि 'पळा' तिला एकच ऐकू आले. ती म्हणाली, "ताई, वाजतंय भरपूर, पण तू तोंडात रुमाल धरून बोलतेयस असं वाटतंय."

कारण नंतर समजलं. बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), पुरुषाचा ८५ ते १८०. मुलांचा त्याहून वर. आणि शब्द ओळखू येतात ते 'स', 'ट', 'फ' अशा व्यंजनांमुळे, त्यांचा बराचसा भाग २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असतो. छातीत धडधडवणारा बेस ६०-८० हर्ट्झचा. नाचायला तो हवा. भाषणाला तो लागत नाही, उलट वरची व्यंजनं तो झाकून टाकतो.

दुसऱ्या दुकानात ऐकलेली पेटी मला अजून आठवते. हँडलची, पाण्यात पडली तरी चालेल अशी, किंमत २४,०००. डोळे मिटून अभंग ऐकला तर मृदंगाची थाप आणि टाळांची किणकिण अगदी वेगवेगळी, जवळ बसून म्हणताहेत अशी. संगीतासाठी मी ऐकलेल्या सगळ्या पेट्यांत ती सरस होती. आवाज पूर्ण वर नेला तेव्हा बेस थोडा मागे सरला. आतली यंत्रणा स्पीकर फाटू नये म्हणून मोठ्या आवाजात बेस आपोआप कमी करते, त्यात खोट नाही. पण तिला माईकची पिन लावायला जागाच नव्हती. वायरलेस माईक ब्लूटूथनं जोडू का विचारलं, तर नाही जमत म्हणाले, आणि जमलं असतं तरी ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला थोडा उशीर होतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. बोलणारं लहान मूल त्यानं गडबडून जातं. घरच्यासाठी घ्यायची असती तर मी तीच घेतली असती.

३१ मेला पुन्हा गेले. त्या दिवशी आवडली ती पेटी दिसायला अगदी साधी, काळी. जाड आवाजासाठी १० इंची वूफर, वर बोलण्याच्या आवाजासाठी वेगळा छोटा कर्णा, ६० वॅट आरएमएस, साडेबारा किलो, चाकं आणि ओढायचा दांडा. मोठ्या पिनेच्या दोन माईकची सोय. खाली ३५ मिलिमीटरचं भोक, म्हणजे नेहमीच्या तिपाई स्टँडवर बसते. दहा शब्दांत बहिणीनं नऊ बरोबर लिहिले. मग ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जाऊन उभी राहिली. हे जरूर करा. वरचे स्वर समोर सरळ जातात आणि बाजूला पटकन मरतात. कडेच्या रांगेतल्या मुलांना काय मिळणार ते असंच कळतं. इथं बाजूला आठ आले.

माईकच्या बाजूला 'इको' असं एक बटण असतं. दुकानात ते नेहमी अर्ध्यावर असतं, त्यानं आवाज भारदस्त वाटतो. ते शून्यावर आणूनच ऐकायचं. भाषणाला इको म्हणजे शब्दांचा चिखल.

बॅटरीचा हिशेबही इथंच केला. खोक्यावर '१२ तास' लिहिलं होतं. बॅटरी १४.८ व्होल्ट, ५,२०० मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला तर जवळपास ७७ वॅट-तास. त्याला १२ नं भागलं तर सरासरी साडेसहा वॅटसुद्धा येत नाहीत. म्हणजे १२ तास हे हळू आवाजातले. मोठ्या आवाजात निम्मे धरावेत, असं मी वहीत लिहिलं, आणि पुढे ते जवळजवळ तसंच निघालं. बॅटरी लिथियमची आहे की शिशाची हेही विचारा. स्वस्त ट्रॉली स्पीकरमध्ये बरेचदा शिशाची असते. ती रिकामी ठेवून दिली की खराब होते, आणि शाळेला तर दीड महिना उन्हाळी सुट्टी.

आता दरपत्रकं. माझी भीती ही की सगळ्यात कमी दराचंच घ्यावं लागणार आणि दिव्यांची पेटी शाळेत येणार. सरांनी त्यावर योग्य रस्ता दाखवला. दर मागवण्याआधीच किमान निकषांचा कागद करायचा आणि तो तिन्ही दुकानांना द्यायचा. मग निकषात बसणाऱ्यांमधला कमी दर घ्यायचा. आम्ही लिहिलं : आरएमएस ५० वॅट किंवा जास्त, लिथियम बॅटरी, दोन वायरच्या माईकची सोय, स्टँडची सोय, ऑक्स (वायरनं फोन जोडायची जागा) आणि पेनड्राइव्ह, एक वर्षाची वॉरंटी, बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक. आणि शेवटी : 'माल मिळाल्यापासून ७ दिवसांत शाळेच्या मैदानावर चाचणी घेतली जाईल, दोष आढळल्यास संच बदलून द्यावा लागेल.' ही शेवटची ओळ मी हट्टानं घालायला लावली.

तीन दर आले. मला आवडलेल्या काळ्या पेटीचा १७,८००, बाकीचे १८,६०० आणि १४,९००. तिसरा बघून तात्यांचे डोळे चमकले. पण त्याच्या खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' होतं. १८ टक्के धरून तो १७,५८२ झाला. फरक २१८ रुपयांचा. शिवाय बॅटरी शिशाची, आणि पेटीवर बीआयएसचा क्रमांकच नाही. ब्लूटूथ स्पीकरला ही नोंदणी सक्तीची आहे. पट्टीवर 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाची, ती चालू आहे की नाही, ते दिसतं. आम्ही सभेतच १७,८०० वाल्याचा टाकून बघितला, निघाला. १७ जूनच्या सभेत तुलनात्मक तक्ता मांडला, कमी दर का नाकारला त्याचं कारण इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

२१ जूनला सकाळी शाळेत योग दिन झाला आणि दुपारच्या एसटीनं सर आणि मी कराडला गेलो. मैदानावरच्या चाचणीची अट बिलाच्या मागे लिहून शिक्का मारून द्या म्हटल्यावर दुकानदार जरा थबकले. "आजवर कुणी मागितलं नाही मॅडम." पण दिलं. बिल शाळेच्या नावानं, मॉडेल आणि अनुक्रमांक टाकून. खोकं फेकायचं नाही, हे येतानाच ठरवलं होतं.

सोमवारी, २३ तारखेला, शाळा सुटल्यावर मैदानावर लावली. शब्दांची चाचणी चौथी-पाचवीच्या मुलांनी घेतली, लिंबाखाली पाटी घेऊन बसली. दहापैकी नऊ, दहापैकी आठ. मी खूश. मग विद्यार्थ्यानं सांगितलेली शेवटची चाचणी केली. फोनवर एक ॲप मिळतं, त्यात २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत एकच सूर सावकाश चढत जातो. पेटीचं काही ढिलं असेल तर कुठल्यातरी ठरावीक सुराला ते वाजायला लागतं. गाण्यात ते लपतं, या सुरात लपत नाही. ११० हर्ट्झच्या आसपास आतून खडखड ऐकू आली. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. पुढच्या जाळीवर हात दाबून धरला. जाळी ढिली असती तर आवाज थांबला असता. थांबला नाही. पेटी टेबलावरून जमिनीवर ठेवली, तरी तेच.

माझा चेहरा पडला. सर म्हणाले, "इतकं बारीक कोण ऐकतंय?" पण हलगी लावली की प्रत्येक ठोक्याला ती खडखड येत होती. एकदा कान तिथं गेला की दुसरं काही ऐकू येईना.

बुधवारी पेटी परत खोक्यात घालून एका पालकांच्या टेम्पोतून कराडला. दुकानदार म्हणाले, नवीन आहे, दोन-चार दिवस वाजवा, मोकळी होईल. स्पीकरचा पडदा थोडा मोकळा होतो हे खरं असेलही, पण खडखड त्यानं जात नाही. मी वाद घातला नाही. फोनवर तो चढता सूर लावला, ११० ला थांबवला आणि बिलाची मागची बाजू पुढे केली. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी वहीत लिहून नेला होता, तो वापरायची वेळ आली नाही. कंपनीचा माणूस बघून गेल्यावर बदलून देऊ, असं ठरलं. पोच म्हणून कागदावर तारीख आणि पेटीचा अनुक्रमांक लिहून घेतला. माल ठेवून मोकळ्या हातानं कधी येऊ नये.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. नळावर बायका विचारायच्या, "बाई, आली का पेटी?" आली होती आणि गेली, हे कसं सांगायचं? लोकांचे पैसे अडकवले असं रोज वाटायचं. रात्री झोपताना वाटायचं, सर म्हणत होते तसं सोडून द्यायला हवं होतं का. ३ जुलैला, गुरुवारी, दुकानातून फोन आला. आत बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सुटलेली होती. कंपनीनं दुसरा नवा संच पाठवला होता. या वेळी मी चढता सूर दुकानातच दोनदा वाजवून घेतला, आणि बिलावर जुना अनुक्रमांक खोडून नवा लिहून घेतला. तो बदलला नसता तर वॉरंटी कागदावर गेलेल्या पेटीचीच राहिली असती.

शुक्रवारी बॅटरीची परीक्षा. पूर्ण चार्ज करून, आवाज सत्तर टक्क्यांवर ठेवून, कधी माईक कधी गाणी असं चालू ठेवलं. ५ तास ४० मिनिटं चालली. शेवटच्या अर्ध्या तासात आवाज आपोआप खाली आला. बॅटरी कमी झाली की अशा पेट्या स्वतःला आवरतात, तेव्हा मुख्य भाषण शेवटी ठेवू नका. अजून एक सापडलं : ब्लूटूथवर काही वाजत नसेल तर पेटी वीस मिनिटांनी झोपते. माईकवर बोलणं चालू असलं तर झोपत नाही ना, हे बसून बघितलं. नाही झोपली.

शनिवारी, ५ जुलैला, बालदिंडी. पाऊस भुरभुरत होता. पेटीला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही मानांकन नाही, म्हणून गावातल्या शिंपीकाकांकडून ताडपत्रीच्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं होतं, पुढची जाळी आणि मागच्या हवेची जागा मोकळी ठेवून. हातगाड्यावर पेटी, पुढे विठ्ठल-रखुमाई झालेली पहिलीतली दोन मुलं. सगळं छान चाललं होतं आणि अभंगाच्या मध्ये माझ्या फोनची रिंग पूर्ण गावाला ऐकू गेली. तेव्हापासून कार्यक्रमाआधी फोन एरोप्लेन मोडवर टाकून मग ब्लूटूथ परत चालू करते, आणि गाणी आधीच उतरवून ठेवते. राज्यगीत तर पेनड्राइव्हवरच ठेवलंय. फोन खिशात घालून पेटीकडे पाठ केली तरी मध्ये आपलं शरीर येऊन आवाज तुटतो, ते त्या वेळी चालणार नाही. आणि कार्यक्रमाआधी पेटी आपल्या फोनला जोडूनच ठेवायची, नाहीतर गर्दीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन जोडला जातो. आमच्या पेटीला पासवर्डची सोय नाही.

खर्च असा झाला : पेटी १७,८००, वायरचा माईक १,४५०, माईकचं स्टँड ९००, दहा मीटर केबल ६५०, कव्हर ५००, एक्स्टेन्शन बोर्ड ४८०. एकूण २१,७८०. उरलेले ५२० खात्यात आहेत. हिशेबाचा कागद शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावला आणि एक प्रत मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकली. जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली. पेटीचं तिपाई स्टँड पुढच्या वर्षी घेऊ, तोवर दोन टेबलं एकावर एक. पेटी मुलांच्या डोक्यांच्या वर असलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या रांगेतली मुलंच मागच्यांचा आवाज खातात. टेबल पहिल्या रांगेपासून चार मीटर लांब ठेवतो, कारण पुढे पहिलीची लेकरं बसतात आणि त्यांच्या कानाशी ९०-१०० डेसिबल नकोत. शाळेभोवतीचं १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. म्हणून संध्याकाळच्या स्नेहसंमेलनासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्यायची, रात्री दहाच्या आत बंद करायचं, आणि प्रभातफेरीलाही सकाळी सहाच्या आधी वाजवायचं नाही, हे सरांनी फळ्यामागच्या कपाटावर लिहून चिकटवलंय.

१५ ऑगस्टला शुक्रवार होता. वारा होता, पाऊस थांबलेला. ती मुलगी आता चौथीत गेलीय. तिनं माईक हातात घेतला, इको शून्यावर, आणि मी शेवटच्या रांगेच्या मागे, लिंबाखाली जाऊन उभी राहिले. ॲप काढलंच नाही. प्रत्येक शब्द कळत होता. 'स्वातंत्र्य' या शब्दातला 'स्व'सुद्धा.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मी आजीकडे बघितलं. तिनं डोळे पुसले, आणि म्हणाली, "सगळं कळलं वो बाई. पर लई घाईनं बोलती. जरा दम घेऊन बोल म्हणावं."

खरंच होतं ते. इतके दिवस ऐकूच येत नव्हतं, म्हणून माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आता २ ऑक्टोबरच्या भाषणासाठी आम्ही दोघी रोज मधल्या सुट्टीत पूर्णविरामाला थांबायचा सराव करतोय.